ध्यानमार्गातील क्षमासाधना : प्रस्तावना

क्षमेविषयीचे भारतीय वाङ्मय विपुल असले, तरी त्याचा फार मोठा भाग क्षमेची थोरवी सांगण्यात खर्ची पडला आहे, आणि ती अंगी कशी बाणवावी हे सांगणारा भाग त्या मानाने थोडा आहे. सुभाषिते, कीर्तने, चरित्रकथा आणि शालेय पाठ यांतून क्षमा थोरामोठ्यांचा उपजत गुण म्हणून समोर येते. त्यामुळे ज्याला ती साधत नाही, त्याच्या वाट्याला मूळच्या दुखावलेपणाबरोबर आपल्याला क्षमा करता येत नाही ही बोचही येते. ध्यानपरंपरांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. दुखावलेले मन केवळ उपदेशाने निवळत नाही हे गृहीत धरून त्यांनी क्षमेचा एक क्रमबद्ध अभ्यास रचला, त्यातील पायऱ्या ठरवल्या, आणि कोणत्या पायरीवर मन अडेल व अडल्यास काय करावे याचाही विचार केला. या अभ्यासाचे स्वरूप, त्यामागील मनोविचार आणि त्याच्या मर्यादा यांची ओळख करून देणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम हा अभ्यास नेमका कशावर चालतो ते पाहिले पाहिजे. पाली अभिधम्मात ‘कोध’ आणि ‘उपनाह’ या दोन अवस्था वेगळ्या मानल्या आहेत. अपमान किंवा इजा होताच उसळतो तो कोध, म्हणजे क्रोध. आणि प्रसंग सरल्यावरही जो मनात धरून ठेवला जातो, तो उपनाह, म्हणजेच मराठीत ज्याला आपण डूख धरणे म्हणतो तो भाव. क्रोधाला समोर माणूस लागतो, तर डूख केवळ आठवणीवर जगतो. अपराधी मनुष्य दूर निघून गेलेला असो, बदललेला असो किंवा मरण पावलेला असो, मन तो प्रसंग पुन्हा उभा करते, त्यात न दिलेली उत्तरे देते, न घेतलेला सूड कल्पनेत घेते आणि प्रत्येक उजळणीबरोबर तो संस्कार अधिक घट्ट करते. डुखाची जोपासना जर अशी मनातल्या मनात, वारंवार केलेल्या चिंतनाने होत असेल, तर तो उतरवण्याचे कामही वारंवार केलेल्या चिंतनानेच व्हायला हवे, हे ध्यानपरंपरांचे मूळ गृहीतक आहे.

आधुनिक प्रयोगशाळेतही या गृहीतकाला पुष्टी मिळाली आहे. अमेरिकेतील होप कॉलेजच्या शार्लट विटव्हलिएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ७१ विद्यार्थ्यांना, आपल्याला प्रत्यक्ष दुखावणाऱ्या व्यक्तीविषयी आळीपाळीने दोन प्रकारची कल्पना करण्यास सांगितले होते. डूख धरून प्रसंग घोळवत असताना त्यांच्या भुवयांच्या स्नायूंवरील ताण, त्वचेची विद्युतवाहकता, हृदयाची गती आणि रक्तदाब यांत अधिक वाढ दिसली. त्याच व्यक्तीकडे सहानुभूतीने आणि क्षमाभावाने पाहण्याची कल्पना करताना हे मोजमाप तुलनेने शांत राहिले. असा अभ्यास क्षमेचे नैतिक मूल्य ठरवू शकत नाही; परंतु मनात चाललेल्या उजळणीचे ओझे शरीरही वाहते, एवढे त्यातून स्पष्ट होते.

क्षमेच्या ध्यानाचे सर्वांत तपशीलवार विवेचन बौद्ध परंपरेतील ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात आढळते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाविहारात हा ग्रंथ रचला. त्याची २३ प्रकरणे असून, त्यांत ध्यानाचे ४० विषय, म्हणजे ‘कम्मट्ठाने’, सांगितली आहेत. आणि नवव्या प्रकरणात मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचे, म्हणजे मनाच्या चार अमर्याद वृत्तींचे, विवेचन येते. या ग्रंथाच्या आधुनिक संपादनाशी मराठी विद्वत्तेचा जवळचा संबंध आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केलेले धर्मानंद कोसंबी यांनी हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले त्याच्या संपादनाचे काम हार्वर्ड विद्यापीठासाठी पुढे नेले. त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० साली प्रकाशित केली, तर हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० साली, बाहेर पडली.

विसुद्धिमग्गातील मैत्रीभावनेचा प्रारंभ द्वेषाचे तोटे आणि ‘खन्ति’, म्हणजे सहनशील क्षमावृत्ती, हिचे लाभ यांच्या चिंतनाने होतो. कारण जो दोष दिसलाच नाही तो सोडता येत नाही, आणि जो गुण ओळखलाच नाही तो मिळवता येत नाही, असे बुद्धघोषांचे म्हणणे आहे. त्यानंतर ते साधकाला, प्रारंभी कोणाचे ध्यान करू नये, हे सांगतात. नावडती व्यक्ती, अतिशय लाडका मित्र, ज्याच्याशी काही देणेघेणे नाही असा तटस्थ मनुष्य आणि वैरी या चौघांना सुरुवातीला वगळले आहे. नावडत्याला प्रियस्थानी बसवताना मन थकते, लाडक्याचे किंचितही दुःख आठवले की रडू येते, तटस्थाविषयी आदर उत्पन्न करणे जड जाते आणि वैरी आठवताच राग उसळतो, अशी त्याची कारणे दिली आहेत. म्हणून पहिली मैत्री स्वतःविषयी करायची. ‘मी सुखी असावे, निर्वैर असावे’ अशी ही भावना असते, आणि तिचा उपयोग साक्षीसारखा होतो: सुखाची ओढ आणि दुःखाचा कंटाळा स्वतःच्या ठिकाणी स्पष्ट दिसला, की तोच इतरांच्या ठिकाणी मानणे सोपे जाते. त्यापुढे गुरू किंवा गुरुतुल्य आदरणीय व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग तटस्थ मनुष्य आणि सर्वांत शेवटी वैरी, असा क्रम येतो. प्रत्येक टप्प्यावर मन मऊ आणि वळण घेण्याजोगे झाल्याशिवाय पुढच्या व्यक्तीकडे जायचे नसते.

या क्रमाचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. लोकव्यवहारात क्षमेचा आग्रह धरणारे बहुधा वैऱ्यापासूनच प्रारंभ करतात. ज्याने सर्वांत खोल जखम केली त्यालाच आधी क्षमा कर, असे ते सांगतात, आणि ते जमले नाही की दुखावलेल्यालाच कोत्या मनाचा ठरवतात. विसुद्धिमग्गाने वैऱ्याला अभ्यासाच्या शेवटी ठेवले आहे. शिवाय, ज्याला वैरीच नाही किंवा ज्याच्या मनात अपराध्याविषयीही वैरभाव उठत नाही, त्याला ही पायरी करण्याचे कारण नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. केवळ साधनेसाठी जुने वैर उकरून काढण्याची अपेक्षा या परंपरेत नाही.

वैऱ्याकडे वळल्यावर राग आला तर काय करावे, हा या प्रकरणातील सर्वांत समृद्ध भाग आहे, कारण तेथे बुद्धघोष एकामागून एक उपाय मांडत जातात आणि प्रत्येक उपायानंतर ‘एवढ्यानेही राग शमला नाही तर’ असे म्हणून पुढचा उपाय देतात. पहिला उपाय म्हणजे मागे फिरून प्रिय, आदरणीय अथवा तटस्थ व्यक्तीच्या मैत्रीत पुन्हा स्थिर होणे. त्यानंतर ‘ककचूपमसुत्ता’चे, म्हणजे करवतीच्या दृष्टान्ताचे, स्मरण करून स्वतःला समजावणे. त्यानेही न भागल्यास त्या व्यक्तीचा एखादा तरी चांगला गुण आठवणे: कोणाची वाणी कठोर असते पण आचरण शुद्ध असते, कोणाचे वागणे अडमुठे असते पण बोलणे गोड असते, आणि काहीच चांगले सापडले नाही, तर अशा माणसाची करुणा येऊ देणे. मग रागाने आपलेच किती नुकसान होते, आणि प्रत्येक जण आपापल्या कर्माचा धनी कसा आहे, याचे चिंतन येते. त्यापुढे क्षांतिवादी, छद्दन्त हत्ती, महाकपी अशा जातककथांतील बोधिसत्त्वाचे स्मरण आहे. अनादी संसारात हा मनुष्य कधीतरी आपली माता वा पिता असेल, असा विचार आहे. आणि शांत झोप लागण्यापासून चित्त लवकर एकाग्र होण्यापर्यंत मैत्रीच्या ११ लाभांची उजळणी आहे.

या मालिकेच्या शेवटी दोन उपाय येतात आणि ते स्वभावाने परस्परांपासून फार दूरचे आहेत. पहिल्याला ‘धातुविनिब्भोग’, म्हणजे घटकांत विभागणे, असे नाव आहे. आपण नेमके कोणावर रागावलो आहोत, त्याच्या केसांवर, नखांवर, की पृथ्वी, आप, तेज, वायू या धातूंवर, असे साधकाने स्वतःला विचारायचे. शोध घेता घेता राग टिकण्याजोगी जागाच उरत नाही. दुसरा उपाय अगदी व्यवहारातला आहे: त्या व्यक्तीला स्वतःची एखादी वस्तू द्यावी आणि तिच्याकडून घ्यावी. याच्या पुष्ट्यर्थ चित्तलपब्बत विहारातील एका भिक्षूची हकीकत दिली आहे. एका स्थविराने त्याला तीनदा त्याच्या निवासातून उठवले होते. त्याच स्थविराला या भिक्षूने, आठ कार्षापण किमतीचे हे पात्र आपल्याला उपासिका मातेने दिले आहे, तिला पुण्य लाभू द्यावे, असे म्हणून ते अर्पण केले. इतक्या सूक्ष्म चिंतनानंतर अखेरचा उपाय म्हणून हाताने काही देण्याची शिफारस व्हावी, यावरून हा मार्ग ध्यानाला आचरणापासून तोडत नाही हे दिसते.

या उपायांच्या विपुलतेतच या परंपरेची क्षमेविषयीची खरी समजूत प्रकट झाली आहे. एक उपाय निष्फळ होईल, म्हणून दुसरा. दुसराही होईल, म्हणून तिसरा. साधकाचे अपयश येथे आधीच हिशेबात धरले आहे. मूळ सुत्तवाङ्मयातही हीच मोकळीक आहे: अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात मनातील आघात दूर करण्याचे जे पाच मार्ग येतात, त्यांत मैत्री, करुणा, उपेक्षा आणि कर्मस्वामित्वाचा विचार यांच्या बरोबरीने त्या व्यक्तीकडे लक्षच न देणे, तिचे स्मरण न करणे, हाही एक मान्य मार्ग आहे.

वैऱ्याविषयीही मैत्री सहज वाहू लागली, की शेवटची पायरी ‘सीमासंभेदा’ची, म्हणजे भेदाच्या सीमा मोडण्याची, येते. तिची कसोटी बुद्धघोषांनी एका कल्पित प्रसंगाने दिली आहे. साधक, त्याचा प्रिय, एक तटस्थ आणि एक वैरी असे चौघे बसले असताना चोर येऊन बळीसाठी एका भिक्षूची मागणी करतात. तेव्हा ‘अमक्याला न्या’ असे वाटले तर सीमा मोडलेली नाही हे उघडच आहे, पण ‘मला न्या, या तिघांना नको’ असे वाटले तरीही ती मोडलेली नाही. चौघांपैकी एकही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हाच चित्त सम झाले. स्वतःला तुच्छ लेखून केलेला त्याग या कसोटीला उतरत नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कारण घराघरांत, विशेषतः स्त्रियांकडून, जी क्षमा अपेक्षिली जाते तिच्यामागे बहुतेकदा स्वतःला हिशेबातून वगळण्याची सवयच असते.

याच सावधपणाने प्रत्येक ब्रह्मविहाराचा ‘जवळचा शत्रू’ आणि ‘दूरचा शत्रू’ सांगितला आहे. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष आहे, तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू आसक्ती आहे आणि ती मैत्रीसारखीच दिसते. उपेक्षा, म्हणजे समभावाने पाहणे, हिचा जवळचा शत्रू अज्ञानमूलक बेफिकिरी हा आहे. ज्याला सोडून जाण्याचे धैर्य नाही त्याने आसक्तीला क्षमा म्हणावे, किंवा ज्याला दुखणे जाणवून घ्यायचे नाही त्याने बधिरपणाला क्षमा म्हणावे, हे दोन्ही भ्रम या वर्गीकरणात आधीच ओळखलेले आहेत.

बौद्ध पद्धतीचा भर क्षमा करण्यावर आहे, तर जैन परंपरेत क्षमा मागणे आणि करणे ही एकाच विधीची दोन अंगे आहेत. सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदन, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान ही सहा आवश्यके जैन आचारात सांगितली आहेत. सामायिक म्हणजे ठरावीक काळ, परंपरेने दोन घटिका किंवा ४८ मिनिटे, समभावात राहणे. प्रतिक्रमण म्हणजे झालेल्या दोषांचे स्मरण करून त्यांपासून माघारी फिरणे. आणि कायोत्सर्ग म्हणजे देहावरील ममत्व सोडून निश्चल उभे राहणे किंवा बसणे. या विधीत सर्व जीवांना क्षमा करून सर्व जीवांकडून क्षमा मागितली जाते. श्वेतांबर समाजात पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून, तर दिगंबर समाजात दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या निमित्ताने ही क्षमायाचना प्रत्यक्ष भेटून केली जाते. कोल्हापूर-सांगली भागातील जैन कुटुंबांच्या वार्षिक जीवनक्रमात या पर्वाला मोठे स्थान आहे.

या विधीला काळाचे जे माप आहे, ते जैन कर्मसिद्धान्ताशी निगडित आहे. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांच्या, म्हणजे आत्म्याला मलिन करणाऱ्या विकारांच्या, तीव्रतेनुसार चार श्रेणी केल्या आहेत. श्वेतांबर कर्मग्रंथांत संज्वलन कषाय पंधरवडाभर, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण वर्षभर आणि अनंतानुबंधी आयुष्यभर टिकणारा, असे सांगून त्यांतील क्रोधाला अनुक्रमे पाण्यावरील, वाळूतील, जमिनीवरील आणि पाषाणावरील रेघेची उपमा दिली आहे. प्रतिक्रमणेही रोजची, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक अशी आहेत. वर्षाच्या आत राग सोडला नाही तर तो पाषाणावरील रेघ होऊ पाहतो, या जाणिवेतून संवत्सरीच्या क्षमायाचनेला तिचे गांभीर्य लाभले आहे.

वैदिक परंपरेत पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात याच चार भावना चित्तप्रसादनाचे, म्हणजे चित्त निवळण्याचे, साधन म्हणून येतात: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि पापी माणसाविषयी उपेक्षा. अपराध्याच्या बाबतीत पतंजली प्रेमाची सक्ती करीत नाहीत, एवढे येथे लक्षात ठेवावे. मराठी संतवाङ्मयात गीतेच्या तेराव्या अध्यायातील ‘क्षांति’ या पदावर ज्ञानदेवांनी केलेले विवरण आणि मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग हे या विषयाचे दोन मोठे आधार आहेत. आणि पसायदानात दुर्जनांचा नाश न मागता त्यांच्या वृत्तीतील वाकडेपणा सुटावा असे मागितले आहे, ती मागणी मैत्रीभावनेच्या आशयाशी थेट जुळते.

विसाव्या शतकात हा अभ्यास विहारांबाहेर, गृहस्थांपर्यंत पोचला. म्यानमारमधील मंडालेत १९२४ साली जन्मलेले आणि सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य असलेले सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांच्या विपश्यना-शिबिरांचे प्रमुख केंद्र झाले. दहा दिवसांच्या शिबिरात आधी श्वासाचे आणि मग शरीरावरील संवेदनांचे निरीक्षण शिकवले जाते, आणि मैत्रीभावना दहाव्या दिवशी येते. त्या वेळी साधक, ज्यांना आपण दुखावले त्यांच्याकडे मनोमन क्षमा मागतो आणि ज्यांनी आपल्याला दुखावले त्यांना क्षमा करतो. संवेदनांकडे प्रतिक्रिया न देता पाहण्याचा सराव झाल्यावरच मैत्रीला वाव मिळतो, हा त्यामागील विचार आहे. किरण बेदी कारागृह महानिरीक्षक असताना १९९३ साली दिल्लीच्या तिहार कारागृहात ही शिबिरे सुरू झाली, आणि एप्रिल १९९४ मध्ये तेथे सुमारे हजार कैद्यांचे शिबिर झाले. ज्यांच्या हातून अपराध घडला आणि ज्यांच्या मनात सूडही धगधगत होता, अशा माणसांपुढे क्षमेच्या दोन्ही बाजू एकदमच उभ्या राहिल्या. पाश्चात्त्य देशांत, थायलंडमधील अजान चा यांच्याकडे साधना केलेल्या जॅक कॉर्नफिल्ड यांच्यासारख्या शिक्षकांनी इतरांकडे क्षमा मागणे, स्वतःला क्षमा करणे आणि इतरांना क्षमा करणे असे त्रिविध ध्यान रूढ केले.

प्राचीन आणि आधुनिक हेतूंतील एक फरक येथे नोंदवला पाहिजे. बुद्धघोष मृत व्यक्तीला मैत्रीध्यानाचा विषय करू नये असे सांगतात, कारण तशा ध्यानातून समाधीची अवस्था सिद्ध होत नाही. आजच्या साधकाला मात्र बहुधा दिवंगत आईवडिलांविषयीचीच कडवट आठवण सोडवायची असते. पहिल्याचे साध्य समाधी, तर दुसऱ्याचे साध्य आठवणीचा निचरा. म्हणून जुना नियम नव्या हेतूला जसाच्या तसा लावता येत नाही.

क्षमासाधनेवरील सर्वांत गंभीर आक्षेप न्यायासंबंधीचा आहे. पिढ्यान्पिढ्या अन्याय सोसलेल्यांना क्षमेचा उपदेश करणे म्हणजे अन्यायाला अभय देणे होय, या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर क्षमेचे क्षेत्र आखून दिल्यानेच देता येते. ध्यानातील क्षमा डुखावर चालते. अपराध घडलाच नाही असे ती म्हणत नाही, अपराध्याशी पुन्हा संबंध जोडण्याची अट घालत नाही, आणि तक्रार, खटला किंवा चळवळ यांपासून कोणाला परावृत्त करीत नाही. मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी निर्णयात्मक आणि भावनिक क्षमा असा भेद केला आहे: सूड घ्यायचा नाही हा निश्चय एका क्षणी होऊ शकतो, भावना बदलायला मात्र वेळ लागतो, आणि समेट ही या दोहोंहून वेगळी, दोन्ही पक्षांच्या विश्वासावर अवलंबून असणारी गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, बुद्ध करुणेपाशी न थांबता मैत्रीपर्यंत गेले, असे प्रतिपादन केले आहे. त्यांच्या समग्र विचारात ही मैत्री समतेपासून वेगळी काढता येत नाही. खालच्याने वरच्याला निमूटपणे सोडून द्यावे, अशा क्षमेला या मैत्रीत जागा नाही.

याला जोडून एक व्यावहारिक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ज्यांच्यावर हिंसा किंवा अत्याचार झाला आहे, त्यांना डोळे मिटून बसल्यावर तो प्रसंग पुन्हा अंगावर येण्याचा धोका असतो, आणि जेथे अत्याचार अजून चालू आहे तेथे सुरक्षितता हेच पहिले कर्तव्य आहे. अशा वेळी ध्यानाला समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची जोड हवी, आणि प्रारंभ स्वतःविषयीच्या मैत्रीपासूनच करून दीर्घकाळ तेथेच राहणे योग्य ठरते.

साधकाने या अभ्यासाकडून काय अपेक्षा करावी, हे यावरून ठरवता येते. राग मुळीच येणार नाही अशी अपेक्षा धरल्यास पहिल्याच प्रसंगात निराशा पदरी पडेल; शास्त्रकारांनीही सामान्य साधकाकडून ती धरलेली नाही. आलेला राग किती काळ टिकला, त्याची उजळणी किती वेळा झाली, आणि ती चालू आहे हे किती लवकर ध्यानात आले, ही मोजता येण्याजोगी प्रगती आहे. रोज थोडा वेळ सोप्या व्यक्तीपासून सुरुवात करून, किरकोळ दुखावणुकींवर हात बसवून, मगच जुन्या वैराकडे वळणाऱ्याला वर्षाचा डूख महिन्यांवर आणि महिन्यांचा दिवसांवर आलेला दिसू शकतो. तेवढे साधले, तरी ज्या अन्यायाशी झगडायचे आहे त्याच्याशी तो अधिक स्वच्छ नजरेने आणि अधिक काळ झगडू शकेल.